हवेचा पाइप तेवढा राहिला

पत्र्याचं काम करायचे म्हणून ते पत्रेमामा. त्यांचा जोडीदार गॅसच्या पाइपांचं काम करायचा आणि त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असायचा, म्हणून तो पानेकाका. नवख्या माणसाला ही दोन नावं ऐकून वाटायचं, एक पत्रं वाटणारा पोस्टमन आणि दुसरा बागेतला माळी.

दोघं मिळून हीटर बसवायचे. घरातले नव्हेत, मोठ्या शेडमध्ये, कारखान्यात छताजवळ टांगतात ते. एक लांबलचक लोखंडी नळी, तिच्या एका टोकाला बर्नरची पेटी आणि वरून चकचकीत पत्र्याचं छत्र. पेटीत गॅस जळतो, नळी तापते आणि खाली उन्हासारखी ऊब पडते. पण गॅसला जळायला हवा लागते, आणि कारखान्यातली हवा धुळीची, रंगाच्या वाफांची. ती बर्नरला सोसत नाही. म्हणून बाहेरची स्वच्छ हवा भिंतीतून पाइपानं थेट पेटीपर्यंत आणतात. गॅस आणायचा पानेकाकांनी, हवा आणायची पत्रेमामांनी.

"माझ्या गॅसशिवाय तुझा पाइप म्हणजे पारव्यांचं घर," पानेकाका म्हणायचे.

"आणि माझ्या हवेशिवाय तुझा गॅस म्हणजे नुसता वास," मामा म्हणायचे.

अशी त्यांची जुगलबंदी वर्षानुवर्षं चाललेली. दोघांचे संसारही बरोबरीनंच उभे राहिले. पानेकाकांना एक मुलगा, मामांना एक मुलगी. मुलगा अबोल, छापखान्यात यंत्रांवर काम करणारा. मुलगी मात्र बोलायला लागली की समोरच्यानं हातातलं काम खाली ठेवावं. शिवणकामाच्या कारखान्यात ती कामाला होती आणि घरी आली की तिथल्या मुकादमाची अशी हुबेहूब नक्कल करायची की मामींच्या पोटात हसून दुखायला लागायचं. या दोघांचं जमलंय हे आईबापांना सगळ्यात शेवटी कळलं. पानेकाकांचा मुलगा एक दिवस मामांकडे आला, अर्धा तास नुसता बसला आणि म्हणाला, "मामा, तुम्हाला मी लहानपणापासून मामाच म्हणतोय. ते पुढे बदलायला लागणार नाही, असं काहीतरी बघा ना." जावयानं सासऱ्याला मामा म्हणावं हे ओघानं आलंच. मामांना आधी कळेना आणि कळल्यावर उठून पोराला मिठी मारावी की पाण्याचं विचारावं, ते सुचेना.

लग्नानंतर दोन्ही घरच्या बायकांनी फर्मान काढलं की आता तुम्ही व्याही झालात, अरे-तुरे बंद. पहिल्याच कामावर पानेकाका शिडीवरून म्हणाले, "अहो व्याही, तो पकडीचा पाना तेवढा द्या बरं," आणि मामा एवढे हसले की शिडी धरायची राहिली. मग दोघांनी आपसात ठरवून टाकलं. घरात अहो, शिडीवर अरे.

पुढे नात झाली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मामांनी तिला बुटकी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. बुटकी बोलायला लागली, चालायला लागली, आणि त्याच सुमारास तिच्या आईची पाठ दुखायला लागली. शिवणयंत्रावर वाकून बसण्यानं होत असेल, असं सगळ्यांनी धरलं. मामींनी शेक दिला, कुणी मलम सांगितलं. पाठदुखी नव्हतीच ती. आत काय वाढतंय ते डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांच्याही हातात फारसं काही उरलं नव्हतं. लेक हॉस्पिटलातून दोनदा घरी आली, तिसऱ्यांदा आली नाही. शेवटच्या आठवड्यात तिला बोलायला त्रास व्हायचा. जिचं तोंड कधी मिटलं नाही ती पोर गप्प पडून छताकडे बघताना मामांनी पाहिली, आणि त्यांच्यातलं काहीतरी तिथंच बसकण मारून राहिलं.

जावई छापखान्याजवळच्या वेगळ्या बिऱ्हाडात, आणि काम पाळ्यांचं. कधी सकाळची, कधी रात्रीची. त्याच्या आईचे गुडघे धरलेले, तिला लहान पोरामागे धावणं होईना. म्हणून बुटकी मामामामींकडे राहिली. थोड्या दिवसांसाठी म्हणून आली होती. थोड्या दिवसांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली.

मामांनी काम सोडलं होतं. सोडलं असं कधी म्हणाले नाहीत, फक्त जाणं बंद केलं. घरामागच्या पडवीत बसून कुणाला नरसाळं कर, कुणाला डबा सांधून दे, एवढंच. बुटकी शेजारी बसून पत्र्याच्या कातरणांची दुकानं मांडायची. तिच्या बोटाला लागू नये म्हणून मामा प्रत्येक कातरणाची कड आधी घासून गुळगुळीत करायचे आणि मगच तिला द्यायचे. त्यातच त्यांची दुपार जायची.

हिवाळ्याच्या तोंडावर पानेकाका आले. पायरीवर बसले, चहा घेतला.

"एक काम आलंय. गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे, मोठं. बाजूलाच रंगाचं खातं, त्यामुळे हवा बाहेरूनच आणावी लागणार. पोरं थंडगार फरशीवर गाड्यांखाली आडवी होऊन काम करतात. मालकीणबाई चांगल्या आहेत. तुम्ही चला."

"दुसरा पत्रेवाला बघा की."

"बघितला. मागच्या हिवाळ्यात दोन कामं केली त्याच्याबरोबर. माणूस बरा आहे, पण पाइप असा लावतो की जसा काही भिंतीला टेकवून विसरून गेलाय. चला हो."

मामींनी आतूनच सांगितलं, "जा. पडवीत बसून बसून तुम्हालाही गंज चढायला लागलाय."

मामा गेले.

गॅरेज खरंच मोठं होतं. छत उंच, लोखंडी तुळयांचं, आणि दार सतत उघडं, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय पाना धरवत नव्हता. हीटरच्या नळ्या आधीच साखळ्यांनी टांगून झाल्या होत्या. मामांनी शेडभर एक फेरी मारली, मग बाहेरून एक. मालकीणबाईंच्या मनात हवेचं भोक दाराशेजारच्या भिंतीत पाडायचं होतं, पेटीपासून तेच जवळ होतं.

"इथं नको," मामा म्हणाले. "इथं गाड्या सुरू करून उभ्या ठेवतात. तो धूर सगळा आत ओढला जाईल. मागच्या गल्लीच्या भिंतीतून घेऊ. पाइप लांबेल, दोन वळणं जास्त पडतील, पण हवा चांगली मिळेल."

"आणि हीटरचा धूर बाहेर पडणार तो?"

"तो या बाजूनं काढू. दोघांची गाठ पडता कामा नये."

"तुम्हीच बघा," बाई म्हणाल्या आणि एका गिऱ्हाइकाकडे वळल्या.

भोक पाडताना मामांच्या अंगात जुना हुरूप थोडा थोडा यायला लागला. जाळी कापली, पक्षी आणि पालापाचोळा आत येऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडाला बसवली. तोंड किंचित खाली कललेलं ठेवलं, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. मग एकेक तुकडा जोडत, रिव्हेट मारत आत सरकत राहिले. पलीकडे पानेकाका गॅसचा पाइप भिंतीवरून आणत होते. पण एक गोष्ट मामांना खटकत होती. पानेकाका शिडीवरूनसुद्धा अहो-जाहोच करत होते.

"अहो, ते टेप द्या जरा."

मामांनी टेप दिली. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बऱ्याच काळानं एकत्र आलोय, जीभ अडखळत असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवायला बसले तेव्हा पानेकाकांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावून टाकलं.

दुपारी गॅसच्या पाइपाची तपासणी होती. गॅस सोडण्याआधी पाइपात हवा भरून दाब बघतात आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावतात. कुठं फट असली की फुगे येतात. इतक्या वर्षांत पानेकाकांच्या सांध्याला फुगा आलेला मामांनी पाहिला नव्हता. या वेळी दाबाचा काटा हळूहळू खाली यायला लागला. मामांनी ब्रश घेतला आणि एकेक सांधा बघत गेले. भिंतीजवळच्या वळणावर फुगे आले, मोठमोठे, एकाला एक लागून. मामांनी हातानंच नट फिरवून पाहिला. तो नुसता बसवला होता, आवळलाच नव्हता.

मामा शिडीवरून खाली उतरले.

"काय झालंय तुला?"

"काही नाही हो."

"हा नट तू आवळायचा विसरलास. तू. मला सांग, घरी काही आहे का? वहिनी बऱ्या आहेत ना?"

पानेकाका पाना हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "पोरगा लग्न करतोय."

मामांनी ब्रश साबणाच्या पाण्यात ठेवून दिला.

"त्याच्याच छापखान्यात हिशेब बघणारी बाई आहे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दोघांना दुसऱ्या शहरात बदली मिळतेय, नव्या शाखेत. तिथं रात्रपाळी नाही. त्याचं म्हणणं..." पानेकाकांनी पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "त्याचं म्हणणं, बुटकीला न्यायचं आहे. माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून इतके दिवस..."

"यासाठी मला कामाला बोलावलंत?"

"हो," पानेकाका म्हणाले. "खोटं कशाला बोलू. घरात वहिनींसमोर बोलायची माझी छाती झाली नसती. म्हटलं, कामावर बोलू. कामावर आपण सगळं बोलत आलो."

मामांनी हातमोजे काढले, हत्यारं पेटीत घातली. हवेचा पाइप बर्नरच्या पेटीपासून हातभर अलीकडे येऊन थांबला होता. त्याच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "तो नट आवळा."

घरी येऊन त्यांनी मामींना काही सांगितलं नाही. काम लवकर कसं संपलं, असं मामींनी विचारलं तेव्हा पत्रा कमी पडला म्हणाले. पण चाळीस वर्षं बरोबर राहिलेल्या बाईपासून तोंड लपवायला घरात जागा कुठे असते? संध्याकाळी भाजी निवडता निवडता मामी म्हणाल्या, "पत्रा कमी पडला तर माणूस चिडतो. तुम्ही चिडलेले नाही. काय झालंय ते सांगा."

मामांनी सांगितलं. मामींनी हातातली जुडी ताटात ठेवली.

"लग्न करू दे. खुशाल करू दे. तरुण आहे, मी आड येणार नाही. पण पोर नाही द्यायची."

"बाप आहे तो तिचा."

"बाप आहे तर इतके दिवस कुठं होता? ताप आला तेव्हा कोण बसलं उशाशी? पडून गुडघा फुटला तेव्हा फुंकर कुणी घातली? आणि आता एक परकी बाई येणार आणि माझ्या लेकीचं लेकरू उचलून नेणार. तुम्हाला काही वाटत नाही? तुमचं काय, तुम्ही पत्र्याचे."

मामा उठून पडवीत गेले. तिथं बुटकीनं मांडलेलं दुकान तसंच पडलेलं होतं.

त्यानंतर घरात बोलणं जवळजवळ बंदच झालं. मामी बुटकीला एक क्षण दूर करेनात. शेजारच्या पोरीबरोबर अंगणात खेळायला सोडायच्या तेही दारात बसून. सुट्टीच्या दिवशी जावई आला. नेहमीसारखा फळांची पिशवी घेऊन आला आणि नेहमीच्याच खुर्चीवर बसला. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

"मामा," तो म्हणाला, "बाबांनी सांगितलं तुम्हाला. ते मी सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

"कुणीही सांगितलं तरी तेच आहे."

"मी तिला विसरलो असं वाटत असेल तुम्हाला."

"नाही वाटत."

"विसरलो नाही मी. घरी गेलं की कुलूप काढताना अजून वाटतं, आतून काहीतरी बोलेल. मग आत गेल्यावर रेडिओ लावतो, ऐकत नाही, नुसता लावतो. ही जी आहे, तिच्या घरातही तसंच चाललं होतं. आम्ही दोघं एकमेकांना ते सांगत बसायचो जेवणाच्या सुट्टीत. बाकी काही नव्हतं आधी."

अंगणातून बुटकीचा आवाज येत होता. शेजारची पोर तिला विचारत होती, "तुमच्याकडे कोण आलंय?"

"पाहुणे," बुटकी म्हणाली. "माझे बाबा आहेत ना, ते पाहुणे असतात."

जावयानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलताना मामांना दिसले. इतक्या दिवसांत, अगदी लेक गेली तेव्हाही, हा पोरगा त्यांच्यासमोर रडला नव्हता. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. आपण पोरीला सांभाळलं म्हणता म्हणता तिच्या बापाला तिच्यापासून सांधा निखळल्यासारखं वेगळं केलं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. त्यात कुणाचीच चूक नव्हती, आणि म्हणूनच त्यांना ते जास्त लागलं. कुणाची चूक असती तर भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा हत्यारांची पेटी घेऊन निघाले. मामींनी कुठं म्हणून विचारलं नाही.

गॅरेजात पोरं तोंडातून वाफा काढत काम करत होती. पानेकाका एका जुन्या टायरवर बसले होते. त्यांनी गॅसचं सगळं काम पुरं केलं होतं. पाइप तपासून झाला होता, कॉक बसला होता, पेटीला जोडणारी लवचीक नळीसुद्धा लागली होती. हवेचा पाइप मात्र मामा सोडून गेले होते तसाच, हातभर अलीकडे थांबलेला.

"दुसऱ्याला बोलवायचंस की," मामा म्हणाले. "पोरं गारठलीत."

"मालकीणबाईही तेच म्हणाल्या. मी म्हटलं, येईल तो."

"आणि नसतो आलो तर?"

"तर बसलो असतो इथंच," पानेकाका म्हणाले. "घरी जाऊन तरी काय करू, रे?"

तो 'रे' बाहेर पडला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. मामा शिडी चढले. पानेकाकांनी खाली शिडी धरली.

उरलेलं काम फार नव्हतं, पण नाजूक होतं. हीटरची नळी तापली की लांबीनं वाढते आणि पेटीला थोडं ढकलते. म्हणून शेवटचा तुकडा ताठ ठेवून चालत नाही, हवेचाही नाही आणि गॅसचाही नाही. मामांनी घडीच्या नळीचा तुकडा सैलसर वाकवून पेटीला जोडला आणि दोन्हीकडे पट्टा आवळला. मग त्यांनी पानेकाकांच्या लवचीक नळीचं वळण पाहिलं, आणि तिला पुढे सरकायला वाव आहे ना, ते हातानं हलवून बघितलं.

"बरोबर आहे?" खालून प्रश्न आला.

"बरोबर आहे. सोड."

पानेकाकांनी कॉक उघडला. पेटीतला पंखा आधी घुमला, हवा ओढली गेली, मग टकटक झाली आणि आत ज्योत धरल्याचा घुसमटलेला आवाज आला. काही वेळानं लोखंड करकरायला लागलं. गाडीखालच्या एका मेकॅनिकनं डोकं बाहेर काढून वर पाहिलं आणि पुन्हा आत घेतलं, या वेळी टोपी काढून.

दोघं नळीखाली उलट्या ठेवलेल्या डब्यांवर बसले. ऊब खांद्यांवर उतरत होती.

"कशी आहे ती?" मामांनी विचारलं.

पानेकाकांना कोण, हे विचारावं लागलं नाही. ते जरा विचार करून म्हणाले, "आपल्या पोरीसारखी नाही. गप्प असते. विचारलं तेवढं बोलते."

"बरं झालं," मामा म्हणाले. "तिच्यासारखी असती तर मला बघवलं नसतं."

मामांनी तळहात उबेकडे धरले. मग मामांनीच सांगितलं, "शाळा सुरू व्हायच्या आधी ने म्हणावं. शाळेत रुळली आणि मग उपटली, असं नको. आणि एकदम नेऊ नका. आधी त्या बाईला चार वेळा आमच्या घरी आणा, पोरीशी ओळख होऊ दे."

"वहिनी?"

"तिचं मी बघतो," मामा म्हणाले, आणि आपल्याला ते बघता येणार नाही हे त्यांना बोलतानाच ठाऊक होतं.

मामींना कुणी समजावलं नाही. समजावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. बुटकी पाहुणे म्हणाली, ते मामांनी त्यांना सांगितलं, तेव्हा मामी म्हणाल्या, "मी पण ऐकलं होतं." एवढंच. त्यानंतर त्यांनी नाही म्हणणं सोडलं, हो मात्र कधीच म्हटलं नाही.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा दाराबाहेरच चपला काढून उभी राहिली, आत या म्हणेपर्यंत. अंगानं बारीक, केस मागे घट्ट बांधलेले. तिनं बुटकीसाठी काही आणलं नव्हतं, आणि मामांना ते बरं वाटलं. पोरीला विकत घ्यायला आली नव्हती ती. बुटकी मामींच्या पदराआडून तिच्याकडे बघत राहिली. ती बाईही लांबूनच बघत राहिली, जवळ ये म्हणाली नाही. असं तीन-चार वेळा झालं. मग एका दुपारी मामा बाहेरून आले तर बुटकी तिला पडवीतल्या दुकानातून एक कातरण विकत होती आणि ती बाई अगदी गंभीरपणे विचारत होती, "याची कड घासलीय का?"

निघायच्या आदल्या दिवशी ती एकटीच आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई," ती मामींना म्हणाली. मामींची पाठ ताठ झाली. "मला तिचं काही माहीत नाही. तुम्ही सांगाल का?"

मामी भांडी पुसत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पण बोलायला लागल्या. भाताची खरवड तिला आवडते. पोट दुखतं म्हणाली तर आधी खेळताना काय झालं ते विचार. केस विंचरताना रडते, खालून सुरुवात कर. अंधारात घाबरत नाही, पण रिकाम्या खोलीत घाबरते. एकामागून एक सांगत गेल्या, जसं काही कुणी फडताळ रिकामं करतंय. शेवटी त्यांचे हात थांबले.

"झोपताना कान धरते ती. शेजारी जे असेल त्याच्या कानाची पाळी. धरू दे. झोप लागली की आपोआप सुटते."

"धरू देईन," ती बाई म्हणाली.

मामी मग मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर बुटकी गेली, तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. तिला नव्या घराचं, गाडीत खिडकीशी बसायचं इतकं अप्रूप होतं की ती पुढे उड्या मारत गेली. पानेकाका सामान चढवत होते आणि प्रत्येक पिशवी दोनदा इकडची तिकडे करत होते, कारण हातात काहीतरी असलेलं बरं. गाडी वळणावर गेली तशी मामी म्हणाल्या, "स्वेटर राहिला तिचा," आणि स्वेटर हातात घेऊन दोन पावलं धावल्या. मग थांबल्या.

घर फार मोठं झालं. मामा पुन्हा कामावर जायला लागले, कारण पडवीत बसवेना. पानेकाकांबरोबर पुढच्या हिवाळ्यात त्यांनी बरीच कामं केली. शिडीवर दोघांचं अरे-तुरे पहिल्यासारखं सुरू झालं, पण जुगलबंदी काही परत आली नाही. कधीकधी एकजण काहीतरी म्हणायला तोंड उघडायचा आणि मग नुसताच "दे" म्हणायचा. रविवारी फोन यायचा. आधी बुटकी खूप बोलायची. कुत्रं, शाळा, वरच्या मजल्यावरची मैत्रीण, सगळं. मग हळूहळू फोन लहान होत गेले. एकदा बोलता बोलता ती तिकडे कुणाला तरी ओरडून म्हणाली, "आई, आले गं!" आणि फोन ठेवून पळाली. मामी शेजारीच कान देऊन बसल्या होत्या.

"काय म्हणाली?"

"लाइन गेली," मामा म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जावयानं दोघांना बोलावलं. मामी नाही म्हणाल्या. त्यांचं पाऊल उचलेना. मामा एकटेच गेले. घर लहान, पण नीटनेटकं होतं. बुटकी चांगली वीतभर वाढली होती. तिनं मामांचा हात धरून त्यांना सगळं घर दाखवलं, हे आमचं कपाट, ही आमची गच्ची, इथं पाणी तुंबतं तेव्हा बाबा काठी घालतात. बाप घरी होता. तो आणि पोर मिळून कसलीशी पतंगासारखी वस्तू बनवत होते आणि मध्येच भांडत होते. भिंतीवर लेकीचा फोटो होता, नीट पुसलेला. तो कोण पुसतं, हे मामांनी विचारलं नाही. जेवताना बुटकीनं सांगितलं की पोळी करपली तर आईला सांगायचं नाही, तिला वाईट वाटतं. ती बाई लाजून हसली. मामाही हसले, आणि करपलेली पोळी त्यांनी मागून घेतली.

सगळं चांगलं होतं. मामांना हवं होतं अगदी तसंच होतं. परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसानं सहज विचारलं, "कुणाकडे गेला होतात?"

"नातीकडे," मामा म्हणाले. "सुखात आहे." आणि मग त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. डोळे पुसायचे आणि पुन्हा भरायचे, असं थेट त्यांचा थांबा येईपर्यंत चाललं. त्या बिचाऱ्या माणसाला कळेना की सुखात आहे म्हणतोय तर हा रडतोय का. त्यानं आपली पाण्याची बाटली पुढे केली.

घरी मामी दारातच होत्या. पोर कशी आहे, काय खाते, अंगानं भरली का, सगळं त्यांनी उभ्या उभ्याच विचारून घेतलं. मामा सांगत गेले. मग मामी जरा थांबल्या आणि दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "तुम्ही निघालात तेव्हा रडली का हो?"

बुटकी गेटपर्यंत आली होती. तिनं हात हलवला होता आणि मामा वळायच्या आतच मैत्रिणीच्या हाकेला ओ देत जिना चढून गेली होती.

"रडली ना," मामा म्हणाले. "खूप रडली. सोडेचना."

मामींनी पदर डोळ्यांना लावला. "वाटलंच मला," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.